फुटबॉलपटूंची आत्मचरित्रे: कोणती वाचावीत, कोणती दुकानातच राहू द्यावीत

प्रश्न कोल्हापूरहून आला आहे. विचारणारे गृहस्थ लिहितात की, त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा पेठेतल्या तालीम मंडळाच्या संघातून खेळतो, अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडे काहीही वाचत नाही, आणि वाढदिवसाला त्याला मोठ्या फुटबॉलपटूंची चार-पाच आत्मचरित्रे आणून द्यावीत असे त्यांच्या मनात आहे. परंतु ही पुस्तके खेळाडू स्वतः लिहीतच नाहीत, पैशासाठी दुसऱ्याकडून लिहून घेतात, असे एका स्नेह्यांनी सांगितल्यामुळे त्यांचा हात आखडला आहे. ही पुस्तके वाचण्याच्या योग्यतेची असतात का, आणि असल्यास कोणती, एवढेच त्यांना हवे आहे.

मी सत्तावीस वर्षे वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर काम केले आणि त्या काळात तीन खेळाडूंच्या आठवणींचे शब्दांकन केले. म्हणजे स्नेह्यांनी ज्याला ‘दुसरा’ म्हटले आहे, तो दुसरा मीच. त्यामुळे आडपडदा न ठेवता सांगतो: यांतली बहुसंख्य पुस्तके वाचण्याच्या योग्यतेची नसतात. थोडी मात्र इतकी चांगली असतात की, ज्याला फुटबॉलमध्ये काडीचाही रस नाही अशा वाचकालाही ती धरून ठेवतील. आणि कोणते पुस्तक कोणत्या बाजूला पडणार हे खेळाडू किती मोठा होता यावर ठरत नाही. पुस्तक सांगताना त्याला कोणाकोणाची मर्जी सांभाळायची होती, यावर ते ठरते.

आधी त्या ‘दुसऱ्या’विषयी. मराठीत आपण ‘शब्दांकन’ हा शब्द आतल्या पानावर उघडपणे छापतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. इंग्रजी पुस्तकांत खेळाडूच्या ठसठशीत नावाखाली बारीक टायपात आणखी एक नाव असते. कधी तेही नसते, आणि ऋणनिर्देशातल्या एखाद्या ओळीत तो माणूस उरकलेला असतो. खेळाडूने पुस्तक स्वहस्ते लिहिले नाही, हा दोष मानण्यात अर्थ नाही. पंधराव्या वर्षापासून ज्याचा दिवस सराव, जेवण आणि झोप यांत वाटला गेला, त्याने तीनशे पाने सलग रचावीत अशी अपेक्षा धरणे म्हणजे कादंबरीकाराने चाळीस यार्डांवरून सहकाऱ्याच्या पायात पास टाकावा अशी अपेक्षा धरणे होय. दोष शोधायचा तो शब्दांकन करणाऱ्याने काय विचारले आणि काय विचारायचे टाळले, यात शोधावा.

माझ्या पहिल्या शब्दांकनाची गोष्ट सांगतो. मुंबईत रोव्हर्स चषकाच्या बहराच्या काळात कूपरेजवर खेळलेले ते एक वयोवृद्ध गोलरक्षक होते. पहिल्या चार बैठकांत त्यांनी मला सामने सांगितले: अमक्या संघाविरुद्ध आम्ही छान खेळलो, प्रेक्षक खूश झाले, दोन-एकने जिंकलो. चार दिवसांच्या टाचणांतून दीड पान निघेना. पाचव्या दिवशी बाहेर पाऊस लागला होता, म्हणून सहज विचारले की, अशा पावसात चेंडू हातात ठरायचा कसा. त्यांनी दोन्ही पंजे माझ्यासमोर टेबलावर पसरले. डाव्या हाताची करंगळी मधल्या पेरापासून बाहेर वळलेली होती. मग सांगू लागले. तेव्हाचा चामड्याचा, वादीने आवळलेला चेंडू पाणी प्यायला की दगडासारखा जड आणि साबणासारखा बुळबुळीत होई. म्हणून ते ओळखीच्या सुताराकडून लाकडाचा भुसा आणत, पत्र्याच्या डब्यात भरून गोलाच्या खांबामागे ठेवत, आणि खेळ पलीकडे गेला की तळहात त्यात घोळून घेत. एका महत्त्वाच्या सामन्यात मध्यंतरानंतर तो डबा कोणीतरी लाथाडला. भुशाचा चिखल झाला आणि दहा मिनिटांत त्यांनी हातातून निसटलेल्या चेंडूवर गोल खाल्ला. डबा लाथाडणारा प्रतिस्पर्धी नव्हता, त्यांच्याच संघातला होता, एवढे सांगून ते बराच वेळ गप्प बसले. त्या संध्याकाळी मला कळले की, पुस्तक सामन्यांत नव्हते, त्या डब्यात होते.

शब्दांकनकार असा डबा शोधतो. स्वीडनच्या झ्लाटान इब्राहिमोविचचे आत्मचरित्र २०११ मध्ये आले, ते डाव्हिड लागेरक्रान्त्स या कादंबरीकाराने लिहिले. स्टीग लार्सन यांच्या मृत्यूनंतर त्यांची ‘मिलेनियम’ मालिका पुढे चालवणारे ते हेच. त्यांनी नंतर जाहीरपणे सांगून टाकले की, पुस्तकात झ्लाटानचे शब्दशः म्हणावे असे वाक्य जवळजवळ नाहीच. झ्लाटान बोलतो आहे असा भास उभा करणे हे त्यांनी आपले काम मानले होते. तरीही ते पुस्तक खोटे वाटत नाही. माल्मो शहरातल्या रोसेनगार्ड वस्तीत वाढलेला, सायकली चोरणारा, वडिलांच्या घरी फ्रीज उघडला की ज्याला बिअरचे डबे दिसत पण खायला काही सापडत नसे, असा पोरगा त्या पानांत चालता-बोलता दिसतो. बार्सिलोनात प्रशिक्षक पेप ग्वार्दिओला यांच्याशी त्याचे जे बिनसले, त्याविषयी तो म्हणतो की, यांनी फेरारी विकत घेतली आणि फियाटसारखी चालवली. हे वाक्य त्याच्या तोंडचे की लेखकाच्या, या वादात मला रस नाही; ज्याला झ्लाटान माहीत आहे त्याला ते त्याचेच वाटते. स्वीडनमध्ये या पुस्तकाचा खप लाखांच्या घरात गेला, आणि एरवी पुस्तकाच्या वाटेला न जाणाऱ्या वस्त्यांतल्या मुलांनी ते वाचले, ही गोष्ट प्रश्नकर्त्यांच्या कामाची आहे.

दुसऱ्याच्या लेखणीचे धोकेही असतात, आणि त्याचा सर्वांत महागडा नमुना मँचेस्टर युनायटेडच्या रॉय कीनच्या २००२ मधल्या पुस्तकाचा. १९९७ मध्ये लीड्सविरुद्धच्या सामन्यात आल्फ-इंगे हालांडला, म्हणजे आजच्या अर्लिंग हालांडच्या वडिलांना, अडवायला जाताना कीनच्या गुडघ्याची लिगामेंट तुटली. तो जमिनीवर पडलेला असताना हालांड त्याच्यावर ओणवा होऊन ‘नाटके करू नकोस’ अशा अर्थाचे ओरडला. एप्रिल २००१ मध्ये मँचेस्टरच्या दोन संघांच्या लढतीत कीनने तोवर मँचेस्टर सिटीत गेलेल्या हालांडच्या गुडघ्यावर पाय घातला आणि लाल कार्ड घेतले. एवढ्यावर प्रकरण संपले असते. पण पुस्तकात त्या क्षणाचे वर्णन असे आले की, आपण या संधीची फार दिवस वाट पाहत होतो. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने त्यावरून त्याच्यावर पाच सामन्यांची बंदी घातली आणि १,५०,००० पौंडांचा दंड केला. शब्दांकनकार इमन डन्फी यांनी चौकशीत मान्य केले की, कीनचे म्हणणे आपण आपल्या शब्दांत घडवले होते. दंड अर्थातच कीनने भरला. २०१४ मधल्या दुसऱ्या पुस्तकात, जे त्याने रॉडी डॉयल या कादंबरीकारासोबत केले, त्याने सांगितले की, हालांडला लागावे अशी इच्छा होती, पण त्याला जायबंदी करण्याचा हेतू नव्हता. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली तर एकच माणूस दोन लेखण्यांतून कसा वेगळा उमटतो ते दिसते. माझ्यासारख्याला यापरते शिक्षण नाही.

आता दुकानातच राहू द्यावीत अशा पुस्तकांकडे वळू. २००६ च्या विश्वचषकात इंग्लंडचा संघ उपांत्यपूर्व फेरीत पोर्तुगालकडून पेनल्टींवर हरला, आणि त्या उन्हाळ्यात व शरद ऋतूत वेन रूनी, स्टीव्हन जेरार्ड, फ्रँक लॅम्पार्ड, रिओ फर्डिनंड आणि अ‍ॅशली कोल अशा पाच जणांची आत्मचरित्रे ओळीने बाजारात आली. जोई बार्टन या फटकळ खेळाडूने तेव्हा जाहीर टोला हाणला होता, ज्याचा आशय असा की, ‘उपांत्यपूर्व फेरीत हरलो, मी भिकार खेळलो, हे घ्या माझे पुस्तक’. (दहा वर्षांनी, २०१६ मध्ये, बार्टनचेही आत्मचरित्र आले, या व्यवसायातून कोणी सुटत नाही.) रूनी तेव्हा वीस वर्षांचा होता आणि प्रकाशकाने त्याच्याशी पाच पुस्तकांचा ५० लाख पौंडांचा करार केला होता. वीस वर्षांच्या मुलाजवळ सांगण्यासारखे बालपण असते, ते त्याने सांगितलेही. पण ज्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तो उद्या खेळणार, ज्या सहकाऱ्याशेजारी कपडे बदलणार, ज्या कंपनीचे बूट घालणार, त्यांपैकी कोणाविषयीही त्याला खरे बोलता येत नाही. जुन्या क्लबचे व्यवस्थापक डेव्हिड मॉइस यांच्याविषयी जे लिहिले गेले, त्यावर त्यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि २००८ मध्ये रूनी व प्रकाशकांना माफी मागून भरपाई द्यावी लागली. म्हणजे बाकीच्या पुस्तकात सावधपणा, आणि सावधपणा सुटला तिथे कोर्ट.

कोलचे पुस्तक त्या पाचांत सर्वांत जास्त हसण्यावारी नेले गेले. आपला क्लब आर्सेनल आठवड्याला ५५,००० पौंड देऊ करत आहे असे एजंटने फोनवर सांगितले तेव्हा आपण गाडी चालवत होतो, आणि संतापाने गाडी रस्त्यावरून जवळजवळ घसरलीच, असे त्याने लिहिले. त्याला ६०,००० हवे होते. वाचणाऱ्याला हसू येते, रागही येतो, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्या एका पानावरून त्याला वर्षानुवर्षे सोलून काढले. पण त्या सबंध ढिगाऱ्यात मला तेवढे एकच पान मोलाचे वाटते. तिथे खेळाडू, एजंट आणि शब्दांकनकार या तिघांपैकी कोणाच्याही लक्षात आले नाही की, हे वाचून लोकांना काय वाटेल. त्यामुळे तो बंद कप्पा आपल्याला एकदा उघडा दिसला. आत बसलेल्या माणसाला ५५,००० ही रक्कम दिसतच नाही, शब्द दिला होता आणि पाच हजार कमी केले एवढेच दिसते. जे सांगायचे नव्हते ते अनवधानाने सांगितले गेले.

जाणूनबुजून सांगण्याचे धाडस करणाऱ्यांचा मात्र वेगळा वर्ग आहे. त्यांचा मूळपुरुष म्हणून मी लेन शॅकलटनचे नाव घेईन. न्यूकासलकडून पहिल्याच सामन्यात, ऑक्टोबर १९४६ मध्ये, न्यूपोर्ट काउंटीविरुद्ध १३-० अशा विजयात एकट्याने सहा गोल करणारा हा खेळाडू. इंग्लंडकडून मात्र त्याला अवघे पाच सामने खेळवले, कारण तो कोणाची भीड ठेवत नसे. १९५५ मध्ये त्याचे आत्मचरित्र आले. त्यात एका प्रकरणाचा मथळा आहे, ‘सर्वसाधारण क्लब-संचालकाचे फुटबॉलविषयक ज्ञान’, आणि त्याखाली पान कोरे सोडले आहे. ज्या काळात खेळाडूच्या पगारावर लीगच्या नियमाने कमाल मर्यादा होती (ती १९६१ मध्ये उठली तेव्हा आठवड्याला २० पौंड होती) आणि करार संपला तरी क्लबच्या मर्जीशिवाय त्याला दुसरीकडे जाता येत नसे, त्या काळात ते कोरे पान हसण्यापुरते नव्हते. पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक टोनी शुमाखर याने १९८७ मध्ये आपल्या पुस्तकात उत्तेजक द्रव्ये आणि राष्ट्रीय संघातली दारूबाजी यांविषयी लिहिले, आणि त्यापायी राष्ट्रीय संघातली जागा व कोलोन क्लबमधली नोकरी दोन्ही गमावली. फिलिप लामने २०११ मध्ये बायर्न म्युनिक क्लबचा आणि जर्मनीचा कर्णधार असताना लिहिले की, क्लिन्समन प्रशिक्षक होते तेव्हा बायर्नमध्ये व्यायामच जास्त व्हायचा, आणि खेळायचे कसे ते सामन्याआधी खेळाडूंना आपापसांत ठरवावे लागे. यावर जुन्या प्रशिक्षकांनी एवढा गदारोळ केला की, त्याला दिलगिरी व्यक्त करावी लागली. लामचे बाकीचे पुस्तक सपक आहे, हे सांगून टाकतो.

आणि आता ज्या पुस्तकासाठी मी हे सारे लिहायला बसलो ते. वर कीनचे शब्दांकनकार म्हणून इमन डन्फी यांचे नाव आले आहे. पण त्याच्या सव्वीस वर्षे आधी, १९७६ मध्ये, त्यांचे स्वतःचे ‘ओन्ली अ गेम?’ प्रसिद्ध झाले होते. शीर्षकातले प्रश्नचिन्ह त्यांचे. डन्फी तेव्हा दक्षिण-पूर्व लंडनमधल्या मिलवॉल या दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबमध्ये मधल्या फळीत खेळत होते. १९७३-७४ च्या हंगामाची त्यांनी रोजनिशी ठेवली. रोजनिशीचे वैशिष्ट्य असे की, लिहिणाऱ्याला पुढे काय होणार हे ठाऊक नसते. जुलैमधल्या सरावात संघ वर चढणार अशी आशा आहे, जुन्या सवंगड्यांविषयी जिव्हाळा आहे. मग सामने हातचे जाऊ लागतात, व्यवस्थापक संघ बदलतो, आणि अठ्ठावीस वर्षांचा, समजदार, संघासाठी जीव टाकणारा हा माणूस बाहेर बसतो. नोव्हेंबरमध्ये तो क्लब सोडून चार्लटनला निघून जातो आणि हंगाम अर्धा असतानाच पुस्तक संपते.

त्यात एक कबुली आहे, जी मी त्याआधी कुठेही वाचली नव्हती. संघातून वगळलेला डन्फी प्रेक्षकांत बसून आपल्या संघाचा सामना पाहतो आहे. ज्यांच्याबरोबर तो रोज सकाळी धावतो ती माणसे मैदानात आहेत, आणि त्याला वाटते आहे की, हे हरावेत. ते जिंकले तर संघ बदलणार नाही, संघ बदलला नाही तर त्याला जागा नाही. हिशेब इतका साधा आहे. चेहऱ्यावर काळजी दाखवायची, गोल झाला की टाळ्या वाजवायच्या, आणि आत मात्र उलटीच प्रार्थना चालू ठेवायची. बाकावर बसलेल्या प्रत्येक खेळाडूला ही भावना ठाऊक असते आणि प्रत्येकाला आपण एकटेच नीच आहोत असे वाटत असते. शाहू स्टेडियमवर पेठेचा सामना असताना राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या सतरा वर्षांच्या मुलाने हे पान वाचले, तर त्याला स्वतःविषयी जे कळेल ते कोणताही प्रशिक्षक त्याला सांगणार नाही. डन्फीला हे लिहिता आले कारण त्याला आता कोणाकडून काही मिळायचे नव्हते. विश्वचषक नाही, जाहिराती नाहीत, आणि क्लबही सुटलेला.

याच जातीची आणखी दोन पुस्तके आहेत. आर्सेनल आणि इंग्लंडचा कर्णधार टोनी अ‍ॅडम्स १९९० मध्ये दारूच्या नशेत गाडी भिंतीवर घालून तुरुंगात गेला होता. सहा वर्षांनी, १९९६ च्या युरो स्पर्धेनंतर आठवडेच्या आठवडे पिऊन झाल्यावर, ऑगस्टमध्ये त्याने शेवटचा पेला खाली ठेवला आणि पुढच्या महिन्यात सहकाऱ्यांना एकत्र बसवून ‘मी दारुडा आहे’ असे सांगितले. इअन रिडली यांच्या शब्दांकनातले त्याचे ‘अ‍ॅडिक्टेड’ १९९८ मध्ये आले. अ‍ॅडम्स तेव्हा खेळत होता, नामवंत होता, म्हणजे माझ्या नियमाला अपवाद म्हणायला हवा. पण ज्या माणसाने व्यसनमुक्तीच्या बैठकीत अनोळखी लोकांसमोर खरे बोलण्याची सवय केली होती, त्याला मर्जी सांभाळण्याची गरजच उरली नव्हती. मँचेस्टर सिटीच्या पॉल लेकची कहाणी उलटी आहे. इंग्लंडच्या संघात जाणार असे सगळे म्हणत असताना, एकविसाव्या वर्षी, सप्टेंबर १९९० मध्ये त्याच्या गुडघ्याची लिगामेंट तुटली. पुढची पाच वर्षे शस्त्रक्रिया, पुनरागमन, पुन्हा तोच गुडघा, यांत गेली आणि सत्ताविसाव्या वर्षी त्याला खेळ सोडावा लागला. त्याचे पुस्तक २०११ चे. जायबंदी खेळाडू कपडे बदलण्याच्या खोलीत कसा हळूहळू अदृश्य होतो, सहकारी त्याच्या नजरेला नजर का देत नाहीत, आणि त्यातून येणारे नैराश्य कसे असते, हे त्यात इतके बारकाईने आहे की, मी ते क्रीडावैद्यक शिकणाऱ्या दोघांना वाचायला दिले होते.

परंतु सगळे दुःखच वाचायचे असे नाही. खेळाची कारागिरी समजून घ्यायची असेल तर इटलीच्या आंद्रेआ पिर्लोचे छोटेखानी पुस्तक घ्यावे. मूळ इटालियन २०१३ चे, इंग्रजीत ते ‘आय थिंक देअरफोर आय प्ले’ या नावाने आले. सामने त्यात फारसे नाहीत. त्याऐवजी पिर्लो सांगतो की, ब्राझीलच्या जुनिन्यो पेर्नाम्बुकानोची फ्री किक पाहून तो कसा झपाटला: चेंडू हवेत डुगडुगतो आणि अचानक खाली पडतो, हे होते कसे? त्याने जुनिन्योच्या चित्रफिती आणि छायाचित्रे पुन्हा पुन्हा पाहिली. मिलान क्लबच्या मिलानेलो या सरावमैदानावर त्याचे सुरुवातीचे फटके कुंपणापलीकडे जात, आणि तो मात्र सांगे की, मुद्दामच तिकडे मारतो आहे. अखेर उलगडा झाला तो शौचकुपात बसलेला असताना: चेंडूवर कुठे मारायचे हा प्रश्नच नव्हता, पायाने कसे मारायचे हा होता. संपूर्ण पाऊल न लावता फक्त तीन बोटांनी, खालून, पाऊल शक्य तितके सरळ ठेवून मारायचे आणि लगेच सैल सोडायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मैदानावर हजर. हे प्रकरण वाचून कोल्हापुरातला मुलगा पुस्तक पालथे टाकून चेंडू घेऊन बाहेर पळाला तर वडिलांनी रागावू नये. पुस्तकाचे काम झाले असे समजावे. २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या इस्तंबूलमधल्या अंतिम सामन्यात मध्यंतराला तीन गोलांनी पुढे असून मिलान हरले, पेनल्टींत त्याचा फटकाही अडवला गेला, आणि खेळच सोडावा असे त्याच्या मनात आले, हेही त्याने तितक्याच सहजपणे सांगितले आहे.

मॅराडोनाचे २००० मधले पुस्तक स्वतंत्र जातीचे. दोन पत्रकारांनी त्याचे बोलणे उतरवले आणि ते जवळपास तसेच ठेवले, त्यामुळे पानापानांवर शिव्या, वल्गना, रडणे, सूड, कृतज्ञता असे सगळे एकदम येते. २२ जून १९८६ रोजी मेक्सिकोत इंग्लंडविरुद्ध हाताने मारलेल्या गोलाला त्याने तेव्हा ‘देवाचा हात’ म्हटले होते. पुस्तकात तो म्हणतो की, देवाचा कसला, तो दिएगोचा हात होता, आणि इंग्रजांचा खिसा कापल्यासारखे वाटले. सत्य हवे असेल त्याने हे पुस्तक वाचू नये. आवाज हवा असेल तर त्याला तोड नाही. मात्र त्यातली माणसे, क्लब आणि भांडणे ही अर्जेंटिनाच्या वाचकाला तोंडपाठ असल्याचे गृहीत धरलेले आहे, म्हणून पहिल्यांदा वाचणाऱ्याची त्यात दमछाक होते.

स्पेनच्या आंद्रेस इनिएस्ताचे २०१६ मधले पुस्तक मी मुलापेक्षा त्याच्या आईवडिलांना सुचवेन. बाराव्या वर्षी फुएंतेआल्बिया या छोट्या गावातून त्याला बार्सिलोनाच्या ला मासिया वसतिगृहात सोडून आईवडील परतले, तेव्हाची रडारड त्यात दोन्ही बाजूंनी सांगितली आहे. ज्यांची मुले क्रीडा प्रबोधिनीत राहायला गेली आहेत त्यांना ती पाने ओळखीची वाटतील. पुढे ऑगस्ट २००९ मध्ये त्याचा मित्र दानी हार्के अचानक गेला, त्यानंतर तो स्वतः काळोखात सापडला, आणि वर्षभराच्या आत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ११६ व्या मिनिटाला गोल करून त्याने सदरा काढला तेव्हा आतल्या बनियनवर हार्केचे नाव होते. जर्मन गोलरक्षक रॉबर्ट एन्के यानेही आपली कहाणी मित्र रोनाल्ड रेंग यांच्यासोबत लिहायचे ठरवले होते. ती वेळ आली नाही, नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने आयुष्य संपवले, आणि रेंग यांनी ती चरित्र म्हणून लिहिली. उत्तम पुस्तक आहे, परंतु सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यायच्या आधी वडिलांनी ते स्वतः वाचावे, आणि दिलेच तर त्याविषयी त्याच्याशी बोलावे.

घरात मुलगीही खेळत असेल तर अमेरिकेच्या अ‍ॅबी वॉम्बाकचे २०१६ मधले पुस्तक पाहावे. देशासाठी १८४ गोल करून निवृत्त झालेल्या या खेळाडूने दारू आणि गोळ्यांच्या विळख्याविषयी त्यात काहीही झाकलेले नाही.

तेव्हा चार-पाच पुस्तकांचा गठ्ठा एकदम देऊ नये; न वाचणाऱ्या मुलाला गठ्ठा म्हणजे शिक्षा वाटते. झ्लाटानने सुरुवात करावी. त्याचे इंग्रजी सोपे आहे, वाक्ये तुटक आहेत, आणि पहिल्या पन्नास पानांत सायकलचोरी आहे. ते संपले तर पिर्लो, आणि त्यानंतर दिवाळीच्या सुटीत डन्फी. डन्फीमधली नावे आज कोणाच्या ओळखीची नाहीत, त्याची काळजी करू नये. तो बाक ओळखीचा आहे. दुकानात एखादे नवे आत्मचरित्र चाळायची वेळ आली तर विजयाची प्रकरणे सोडून खेळाडूच्या सर्वांत वाईट पराभवाचे पान काढावे. तिथे रेफरी, मैदान आणि नशीब एवढेच सापडले तर पुस्तक परत कपाटात ठेवावे. सामन्यांचे वर्णन हवे असेल तर यूट्यूबवर मूळ सामना आहे.

इंग्रजी पुस्तके जड गेलीच तर एक वेगळी वाट सुचवतो. बंगालीत चुनी गोस्वामी यांच्यासारख्यांनी आत्मकथन लिहिले; १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते कर्णधार होते. कोल्हापुरात तर प्रत्येक तालमीच्या कट्ट्यावर चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे खेळाडू संध्याकाळी बसलेले असतात. मुलाने त्यांच्यापैकी एकाला गाठावे, मोबाईल रेकॉर्डिंगला लावून समोर ठेवावा आणि सामने विचारू नयेत. बूट कुठून आणले, पाऊस लागला की काय करायचे, कोणाशी बोलणे बंद होते, एवढे विचारावे.

माझ्या गोलरक्षकांच्या पुस्तकात मात्र तो भुशाचा डबा नाही. दुसऱ्या मुद्रितात त्यांनी ते सगळे प्रकरण लाल शाईने खोडून परत पाठवले. डबा लाथाडणारे गृहस्थ तेव्हा हयात होते, पुढे एका मोठ्या क्रीडासंस्थेचे पदाधिकारी झाले होते, आणि प्रकाशन समारंभाचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषवायचे ठरले होते. समारंभ चांगला झाला. शब्दांकन म्हणून माझे नाव आतल्या पानावर आहे, आणि ते पुस्तक मी कोणाला वाचायला सुचवत नाही.